ओढून नेलेली गाडी आणि न पोचलेले तेल

एखादी गाडी वाटेत बंद पडते. चालक दुसऱ्या गाडीला हात करतो, दोर किंवा साखळी बांधली जाते, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये आणला जातो आणि बंद गाडी निमूटपणे पहिलीच्या मागून चालू लागते. आपल्याकडे याला 'टोचन लावणे' म्हणतात. ओढण्याच्या साखळीला इंग्रजीत 'टो चेन' म्हणतात, त्यावरूनच हा शब्द आला असावा. जवळच्या गॅरेजपर्यंत चार-पाच किलोमीटर जायचे असेल तर एवढ्याने काम भागते.

पण अंतर मोठे असेल तर? अमेरिकेत घर बदलणारी कुटुंबे सामानाचा ट्रक भाड्याने घेतात, तो स्वतःच चालवतात आणि घरची पिकअप गाडी त्याच ट्रकच्या मागे जोडून नेतात. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर रस्त्याने सुमारे ४,५०० किलोमीटर भरते. पिकअपचे इंजिन बंद, किल्ली मालकाच्या खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये आणि मागची चाके रस्त्यावर. अशा रीतीने नेलेली हाताने गिअर बदलायची पिकअप मुक्कामी पोचल्यावर चालू केली, तर कधी गिअरबॉक्स रडू लागतो, कधी गिअर पडतच नाही, तर कधी आतला शाफ्ट पूर्ण जखडलेला सापडतो. इंजिन तर एक मिनिटही चाललेले नसते. मग झिजले काय आणि कशामुळे?

शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर येते : "न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा संबंध तुटतो, मग तो झिजेलच कसा?" हे उत्तर अर्धे बरोबर आहे. संबंध तुटतो खरा, पण तो कोणाचा कोणाशी तुटतो, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी गिअरबॉक्सच्या आत डोकवावे लागेल. तेथे जे दिसते ते एका दिवसात, एका माणसाने रचलेले नाही. प्रत्येक पिढीने आपली एक अडचण सोडवली आणि नकळत पुढच्यासाठी एक नवी अडचण ठेवून दिली. म्हणून इतिहासाच्या वाटेने गेलेले बरे.

टॉवरचे लाकडी बूच

सुरुवात मोटारीपासून नव्हे, रेल्वेपासून करू. एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे आस ज्या बेअरिंगमध्ये फिरत, ती तापून जखडणे ही नित्याची डोकेदुखी होती. इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशँप टॉवर या अभियंत्याकडे सोपवले. १८८३ साली त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला.

टॉवरची मांडणी साधी होती. ४ इंच व्यासाचा एक आडवा आस फिरत होता. त्याचा खालचा भाग तेलाच्या भांड्यात बुडलेला होता आणि वरच्या बाजूला अर्धगोल पितळी बेअरिंग वजनाने दाबून धरलेले होते. या बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले होते. यंत्र सुरू झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. वरून तेल आत जाण्याऐवजी आतूनच भोकातून वर येऊन वाहू लागले. टॉवरने भोकात बूच मारले. ते बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, पण मापकाचा काटा २०० च्या पलीकडे गेला.

याचा अर्थ काय? फिरणारा आस खालच्या भांड्यातले तेल आपल्याबरोबर खेचून अरुंद फटीत शिरवत होता. तेथे तेलाचा एक पातळ थर तयार होत होता आणि त्या थरातला दाब सगळा भार उचलून धरत होता. धातू धातूला टेकतच नव्हता. या घटनेचे गणित १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले. विज्ञानाच्या पुस्तकांत आपण 'वंगणामुळे घर्षण कमी होते' एवढे एक वाक्य शिकवतो. टॉवरच्या प्रयोगातून त्यात दोन अटींची भर पडते. तेलाचा थर टिकायचा तर पृष्ठभागांत हालचाल हवी, आणि त्या फटीपाशी तेल सतत पोचायला हवे. हालचाल आहे पण तेल पोचत नाही, अशी स्थिती आली की असलेला थर हळूहळू बाहेर पडतो, मग धातू धातूला भिडतो, तापतो आणि शेवटी जखडतो. या दोन अटी पुढे लागणार आहेत, त्या लक्षात ठेवू.

लव्हासॉरची चक्रे

आता पॅरिसला जाऊ. पेट्रोलच्या इंजिनाची एक मूळची खोड आहे. ते फार हळू फिरवले तर बंद पडते आणि थांबलेल्या स्थितीतून ओझे ओढू शकत नाही. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये वेग बदलणारी काहीतरी योजना हवी. पानार आणि लव्हासॉर या कंपनीतील एमिल लव्हासॉर याने १८९१ च्या सुमारास गाडीची जी रचना पक्की केली, तीच पुढे अनेक दशके प्रमाण ठरली : इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअर आणि शेवटी मागच्या चाकांना गती.

लव्हासॉरच्या गिअरमध्ये दोन समांतर शाफ्ट होते. एका शाफ्टवर लहानमोठी दंतचक्रे पक्की बसवलेली होती, तर दुसऱ्यावरची चक्रे बाजूला सरकवता येत. हवे ते चक्र सरकवून समोरच्या चक्रात अडकवायचे, की तो गिअर पडला. दोन्ही चक्रे वेगवेगळ्या गतीने फिरत असताना ती एकमेकांत घुसवणे म्हणजे दातांचा खडखडाट ठरलेलाच. ही पद्धत रांगडी आहे पण चालते, असे लव्हासॉर स्वतःच म्हणाल्याचे सांगतात. १८९५ साली पॅरिस–बोर्दो–पॅरिस या सुमारे १,१८० किलोमीटरच्या शर्यतीत त्याने जवळजवळ एकट्याने ४८ तास ४८ मिनिटे गाडी हाकून ती चालते हे सिद्धही केले.

पहिल्या गाड्यांत ही दंतचक्रे उघडी असत आणि रस्त्यावरची धूळ त्यांच्यावर बसे. पुढे ती बंद पेटीत घातली गेली. पेटी झाल्याबरोबर एक मोठी सोय झाली. पेटीच्या तळाशी तेल ठेवता आले. तेलात बुडालेली खालची चक्रे फिरली की ती तेल उडवतात आणि वरच्या भागांना न्हाऊ घालतात. वेगळा पंप नको, नळ्या नकोत. पावसात सायकलचे चाक जसे चिखल उडवून आपली पाठ रंगवते, तसेच हे. आजही हाताने बदलायच्या अनेक गिअरबॉक्समध्ये वंगणाची हीच युक्ती आहे. तिच्यात एक गृहीतक मात्र दडलेले आहे : गाडी चालते तेव्हा तेलात बुडालेली चक्रे फिरतातच. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत असेपर्यंत हे गृहीतक खरे असते.

एका रेषेतले दोन शाफ्ट

२४ डिसेंबर १८९८ च्या संध्याकाळी लुई रेनो हा एकवीस वर्षांचा तरुण आपली छोटी गाडी घेऊन पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरचा ल्यपिक रस्ता चढून गेला. त्या गाडीत साखळीऐवजी इंजिनाची गती मागे नेणारा लांब शाफ्ट होता. त्यालाच आज आपले मेकॅनिक प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. त्याहून महत्त्वाची होती गिअरची रचना. वरच्या गिअरमध्ये दंतचक्रांची मध्यस्थी न ठेवता इंजिनाकडून येणारा शाफ्ट थेट मागे जाणाऱ्या शाफ्टला जोडला जाई. त्यामुळे आवाज कमी, शक्तीचा अपव्ययही कमी. १८९९ साली रेनोने याचे पेटंट मिळवण्यासाठी अर्ज केला.

थेट जोडणी करायची तर दोन्ही शाफ्ट एकाच सरळ रेषेत हवेत. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ही मांडणी रूढ झाली, आणि गिअरबॉक्समध्ये तीन शाफ्ट आले. क्लचकडून येतो तो क्लच शाफ्ट. त्याच रेषेत पुढे, चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट. आणि या दोघांच्या खाली, तेलात बुडालेला ले शाफ्ट. क्लच शाफ्टवरचे चक्र ले शाफ्टला फिरवते आणि ले शाफ्टवरची चक्रे मेन शाफ्टला. मेन शाफ्टचे पुढचे टोक क्लच शाफ्टच्या पोकळीत, एका छोट्या बेअरिंगवर टेकलेले असते. वरच्या गिअरमध्ये दोन्ही शाफ्ट एकत्रच फिरतात, तेव्हा या बेअरिंगला काहीच काम नसते. ते फारसे कोणाच्या लक्षातही येत नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीत मात्र हेच छोटे बेअरिंग सर्वांत आधी संकटात येऊ शकते.

खडखडाट गेला, सैल चक्रे आली

यानंतरचे पाऊल आवाज आणि खडखडाट घालवण्याचे होते. चक्रे सरकवून दातांत दात घुसवण्याऐवजी ती कायमची एकमेकांत अडकवून ठेवली तर? पण सगळे गिअर एकाच वेळी पडून चालणार नाही. म्हणून मेन शाफ्टवरची चक्रे शाफ्टला पक्की न बसवता त्याच्यावर सैल ठेवण्यात आली. ती ले शाफ्टच्या चक्रांबरोबर सतत फिरत राहतात. हवा तो गिअर टाकला की त्यातले एकच चक्र मध्ये सरकणाऱ्या कड्याच्या साहाय्याने शाफ्टशी जखडले जाते.

जखडताना दोघांच्या गती जुळल्या पाहिजेत. त्यासाठी पूर्वी चालकाला क्लच दोनदा दाबावा लागे. आपल्याकडचे जुने ट्रकचालक 'डबल क्लच' म्हणत ते हेच. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्प्सन याची सिंक्रोमेश योजना आली. जखडण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांवर घासून गती आपोआप जुळू लागल्या आणि कोणालाही खडखडाट न करता गिअर बदलता येऊ लागले.

हा बदल चालकासाठी वरदान होता. पण आता गिअरबॉक्सच्या आत नवे नाजूक भाग निर्माण झाले होते. मेन शाफ्टवरचे प्रत्येक सैल चक्र स्वतःच्या बेअरिंगवर बसलेले असते आणि त्या प्रत्येक बेअरिंगला तेल हवे. जुन्या सरकत्या चक्रांच्या पेटीत मेन शाफ्टवरची चक्रे शाफ्टबरोबरच फिरत, त्यामुळे न्यूट्रलमध्ये चक्र आणि शाफ्ट यांच्यात घासण्यासारखे काही नसे. नव्या पेटीत तीन-चार जागी ते निर्माण झाले.

याच काळात पिकअपही जन्माला आली. १९२५ साली फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीच्या मागे मालाचा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. शेतकरी आणि कारागिरांची ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घराघरांत पोचली आणि घर बदलताना सोबत न्यायच्या सामानातही आली.

मागच्या दाराने आलेली गती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न्यूट्रलमध्ये कोणतेही सैल चक्र मेन शाफ्टशी जखडलेले नसते. म्हणजे इंजिनाची बाजू आणि चाकांची बाजू यांचा संबंध तुटलेला असतो. पण मेन शाफ्टचा चाकांशी असलेला संबंध तुटत नाही. तो प्रॉपेलर शाफ्टने कायमचा जोडलेला आहे. तीन स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली : गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच शाफ्ट फिरतो, ले शाफ्ट फिरतो, तेल उडते. मेन शाफ्ट स्थिर, पण त्याच्यावरच्या सैल चक्रांना तेल मिळते. काळजी नाही.

दुसरी : गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये धावते आहे, इंजिन चालू. ले शाफ्ट फिरतो, मेन शाफ्टही फिरतो, तेल उडते. ब्रेकच्या दृष्टीने ही सवय वाईट, पण गिअरबॉक्स कोरडा पडत नाही.

तिसरी : इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, मागची चाके रस्त्यावर आणि गाडी ओढली जाते आहे. चाके प्रॉपेलर शाफ्टला फिरवतात आणि तो मेन शाफ्टला. पण ले शाफ्ट थांबलेल्या इंजिनाला बांधलेला, म्हणून स्थिर. ले शाफ्टच्या दातांत अडकलेली सैल चक्रेही स्थिर. त्या स्थिर चक्रांच्या पोटात मेन शाफ्ट गरगरतो आणि त्याचे पुढचे टोक स्थिर क्लच शाफ्टच्या पोकळीत. तेल मात्र तळाशी शांत पडलेले. ते उडवणारा शाफ्ट झोपलेला आहे.

टॉवरच्या दोन अटी आठवा. हालचाल आहे, तेलाचा पुरवठा नाही.

ही हालचाल किती, याचा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरू. १ किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ४५५ फेरे होतात. मागच्या आसातील दंतचक्रांमुळे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ४ फेरे धरले, तर दर किलोमीटरला १,८०० हून अधिक फेरे झाले. ५ किलोमीटरच्या टोचनात ९,००० च्या आसपास. बेअरिंगवर आधीचे तेल लागलेले असते, ते एवढ्यात निभावते. पण ८०० किलोमीटरला साडेचौदा लाख फेरे होतात. शिवाय ताशी ८० किलोमीटर वेगाने ओढल्यास शाफ्ट मिनिटाला सुमारे २,४०० वेळा फिरतो. एवढे घर्षण, निर्माण झालेली उष्णता वाहून नेणारे तेल नाही, आणि ओढणाऱ्या ट्रकच्या चालकाला मागचा आवाजही ऐकू येत नाही.

येथे एक विरोधाभास विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा. त्याच गाडीच्या मागच्या आसात डिफरन्शियल असते. तेही तितकेच फिरते, पण ते बिघडत नाही. का? तेथे तेलात बुडालेले मोठे चक्र चाकांशीच जोडलेले आहे. गाडी स्वतः चालो की ओढली जावो, चाके फिरली की ते फिरणार आणि तेल उडवणार. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या अनेक मोटारींत गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. म्हणून हाताने गिअर बदलायच्या अशा बऱ्याच गाड्या चारही चाकांवर ओढायला त्यांचे कारखानदार परवानगी देतात. प्रश्न गाडी कोणती हा नाही, तेल कोण उडवते हा आहे. स्वयंचलित गिअरच्या बहुतेक गाड्यांत तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याही अडचणीत येतात.

होम्सची क्रेन आणि 'कोणते टोक?'

ओढण्याच्या साधनांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स यांचे गॅरेज होते. १९१६ साली त्यांच्या एका जुन्या शिक्षकाची गाडी ओढ्यात पडली, असे सांगतात. दोर, कप्प्या आणि सहा माणसे लावून ती काढायला जवळजवळ पूर्ण दिवस गेला. त्यावरून होम्स यांनी १९१३ च्या एका कॅडिलॅक गाडीवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून गाडी उचलून ओढणारी गाडी तयार केली. आज चॅटनूगात अशा गाड्यांचे संग्रहालय आहे.

होम्स यांच्या क्रेनने गाडीचे एक टोक उचलले जाई आणि दुसरे टोक रस्त्यावर चाले. त्यामुळे एक प्रश्न कायमचा जन्माला आला : उचलायचे कोणते टोक? आपल्या विवेचनावरून उत्तर स्पष्ट आहे. ज्या चाकांना इंजिन गती देते ती चाके रस्त्यावरून उचलावीत. मागच्या चाकांनी चालणाऱ्या पिकअपचे तोंड उचलले तर गिअरबॉक्स वाचत नाही.

चारही चाकांनी चालणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न आणखी अवघड केला. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप आठवा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या रस्त्यांवरही रुळली. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांकडे गती वाटते. अशी गाडी ओढताना दोनच चाके उचलून भागत नाही.

मग लांब न्यायची कशी?

सर्वांत चांगला उपाय म्हणजे चारही चाके रस्त्यावरून उचलणे. गाडी सपाट ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून, चाके पट्ट्यांनी बांधून नेली तर आतले काहीच फिरत नाही. लांब पल्ल्याला आणि चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीला हाच मार्ग. ट्रेलरवर गाडी कुठे उभी करायची यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा असा संकेत आहे. वजन मागे गेले की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि पुढच्या गाडीलाही रस्त्याबाहेर नेतो.

दुसरा उपाय, मागची चाके दोन चाकांच्या डॉलीवर किंवा क्रेनवर उचलणे. मग पुढची चाके रस्त्यावर राहतात, म्हणून स्टीअरिंग सरळ धरून पट्ट्याने घट्ट बांधावे लागते. किल्लीच्या कुलपावर विसंबू नये, ते एवढा ताण सोसण्यासाठी केलेले नसते.

तिसरा उपाय, मागची चाके रस्त्यावरच ठेवायची असतील तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवणे. मग चाके फिरली तरी गती गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही. मोठ्या ट्रकमध्ये याच हेतूने मागच्या आसातले हाफ शाफ्ट बाहेर काढतात. प्रॉपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही भागांवर खूण करावी, म्हणजे परत बसवताना तोल बिघडत नाही. क्रॉसवरच्या टोप्या चिकटपट्टीने बांधाव्यात, नाहीतर आतल्या सुया सांडतात. शाफ्ट गिअरबॉक्समधून पूर्ण ओढून काढला तर त्या तोंडातून तेल गळते, तेथे बूच हवे.

आणि यात जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट आहे. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून थांबत नाही, कारण चाके आणि इंजिन यांच्यात काही उरलेलेच नसते. काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेकही ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच असे. तोही निकामी होतो. म्हणून गाडीखाली शिरण्यापूर्वी सपाट जमीन निवडून चारही चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम उटी लावल्याच पाहिजेत. उतारावर हे काम करू नये.

चौथा मार्ग, न्यूट्रलमध्ये चारही चाकांवर ओढणे. हा फक्त कारखानदाराच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच, आणि तिच्यात दिलेल्या वेगाच्या व अंतराच्या मर्यादेत. काही गिअरबॉक्सची रचना ते सोसेल अशी असते, काहींची नसते. बाहेरून पाहून ते कळत नाही. काही जण वाटेत मधूनमधून थांबून इंजिन चालू करतात. त्यामुळे ले शाफ्ट फिरून तेल उडते हे खरे, पण पुन्हा निघाल्यावर ते तेल खाली उतरू लागते. शाफ्ट सोडवण्याइतका हा भरवशाचा उपाय नव्हे.

'गिअरमध्ये टाकून क्लच दाबून ठेवला तर?' असे चौकस विद्यार्थी विचारतील. त्यांना हिशेब करू द्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे ४ फेरे म्हणजे मेन शाफ्टचा १ फेरा असे धरले, तर ताशी ८० च्या वेगाला क्लचची प्लेट मिनिटाला ९,७०० फेरे घेईल. ती तुकडे होऊन उडू शकते. आणि क्लच सुटला तर इंजिनालाच तेवढे फिरावे लागेल. ओढायच्या गाडीचा गिअर चुकून पहिल्यात राहणे किती महागात पडेल, तेही यातून समजते.

दोराच्या टोचनाबद्दल एवढेच, की ते जवळच्या अंतरासाठी आहे. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी मदत संपते, पॅडल दगडासारखे लागते आणि पॉवर स्टीअरिंगही जड होते. १९८९ साली भारतात लागू झालेल्या रस्ता नियमांत ओढणाऱ्या गाडीला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती आणि दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरच्या वर नको असे म्हटले होते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ५ मीटर दोराच्या टोकाला असलेल्या माणसाला हे सूत्र पाठ असण्याची गरज नसते, त्याच्या पायाला ते कळते.

वर्गात करून पाहा

सायकल स्टँडवर उभी करून मागचे चाक हाताने फिरवा. पॅडल आणि साखळी स्थिर राहतात, पण फ्रीव्हीलमधून टकटक आवाज येतो. म्हणजे पॅडल थांबले तरी आत काहीतरी एकमेकांवर घासते आहे. ओढलेल्या पिकअपमध्ये असेच घडते.

नंतर दोऱ्याच्या रिकाम्या रिळात पेन्सिल घाला. रीळ घट्ट धरून पेन्सिल फिरवा. रीळ म्हणजे स्थिर सैल चक्र आणि पेन्सिल म्हणजे मेन शाफ्ट. काही मिनिटांत बोटांना ऊब जाणवते का ते पाहा. मग पेन्सिलीला थोडे खोबरेल लावून पुन्हा फिरवा.

शेवटी ताटलीत थोडे पाणी घेऊन खेळण्यातले एखादे दातेरी चाक त्यात अर्धे बुडवून फिरवा आणि शेजारी एक कोरडा कागद उभा धरा. कागदावर थेंब उमटतील. चाक थांबवले की कागद कोरडाच राहतो. मग मुलांना विचारा : चाक थांबलेले आहे, पण कागदाला तर पाणी हवेच आहे, आता काय कराल? कोणी पंप सुचवेल, कोणी कागदच बुडवेल, कोणी म्हणेल की कागदाला पाण्याची गरजच पडू नये असे करा. गाडी ट्रेलरवर चढवणाऱ्याने आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडवणाऱ्याने हे तिसरे उत्तर निवडलेले असते.